मे महिन्यातलं रुबिडियम

त्या दिवशी जळगावात ४४ अंश होतं आणि साडेअकरालाच वीज गेली. एसी बंद, खिडकीतून नुसती झळ. प्रयोगशाळेत लेझर तेवढा इन्व्हर्टरवर चालू होता.

टेबलावर बोटभर लांबीची, दोन्ही टोकांनी बंद काचेची नळी. आत हवा नाही, फक्त रुबिडियमची वाफ आणि काचेला चिकटलेला त्या धातूचा ज्वारीच्या दाण्याएवढा चंदेरी कण. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश त्या वाफेत कसा शोषला जातो ते दाखवत होते, तोच एक मुलगा ओरडला, "मॅडम, पघळी गयं!"

नळीला टिचकी मारली. कण पाऱ्यासारखा थरथरला. रुबिडियम ३९.३ अंशाला वितळतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दुपारी.

याच धातूचे दोनेक हजार अणू १९९५ साली अमेरिकेतल्या बोल्डरला निरपेक्ष शून्याच्या (ज्याहून गार काही होऊच शकत नाही) वर जेमतेम १७० अब्जांश अंशांपर्यंत गार केले होते. तेव्हा ते सगळे मिळून एकाच लहरीसारखे वागू लागले. त्यामागच्या गणिताची सुरुवात सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्यात केलेली.

रावेरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, त्याला कॉम्प्रेसर केवढा लागतो?" त्याच्या घरी केळी पिकवायचं चेंबर आहे, तेव्हा प्रश्न अगदी हिशोबाचा होता.

कॉम्प्रेसर नाहीच. लेझरचा रंग अणूला हवा त्याहून किंचित तांबडा ठेवतात. समोरून धावत येणाऱ्या अणूला तो किंचित निळसर भासतो, म्हणून त्यालाच जुळतो. तोच प्रकाश शोषतो आणि धक्का खातो. अणू मंदावणं म्हणजेच गार होणं. एका धक्क्याने वेग घटतो सेकंदाला ६ मिलिमीटर. अणू पळत असतो सेकंदाला २७० मीटरने. मुलांनी तिथेच भागाकार केला: ४५,००० धक्के! ते बसायला मात्र काही मिलिसेकंद पुरतात.

शेवटची मजल प्रकाशाला गाठता येत नाही. मग अणू चुंबकीय सापळ्यात धरतात आणि त्यातले सगळ्यात तापलेले तेवढे बाहेर जाऊ देतात. उरलेले आपसात धडकून आणखी गार होतात.

"म्हणजे माठच की," मागून एक मुलगी म्हणाली.

कोपऱ्यात आमचा माठ होताच, ओलं फडकं गुंडाळलेला. पुस्तकात इथे कॉफीच्या कपाचं उदाहरण असतं. तिचं त्याहून चोख होतं.

साडेचारला वीज आली. तिघंजण घरी गेलेच नाहीत. रावेरचा मुलगा दर दहा मिनिटांनी नळीला टिचकी मारून बघत होता. सहाच्या सुमाराला कण थरथरायचा थांबला, तेव्हा त्याने वहीत वेळ लिहून ठेवली.