देव मरतो त्या पुस्तकाबद्दल

फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या मुलांसाठीच्या अद्भुत कादंबरीचे तिन्ही भाग वाचून झाले. मी गंगाखेडची, गळ्यात माळ, रोज हरिपाठ, त्यामुळं बहिणीनं फोनवर सरळच विचारलं, अगं त्यात देव मरतो म्हणे, मग पोरीला द्यायचं का नाही वाचायला?

वाद जुनाच आहे. पहिला भाग १९९५ चा, २००७ ला त्यावर ‘द गोल्डन कंपास’ पिक्चर आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या संघटनेनं बहिष्कार घाला म्हणलं, कारण पिक्चर बघून लेकरं पुस्तकाकडं वळतील आणि नास्तिक होतील. तिकडं इंग्लंडात कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य धर्मगुरू, रोवन विल्यम्स मात्र २००४ लाच पुलमनसोबत स्टेजवर बसून नीट बोलले होते. धर्मगुरू असावा तर असा.

तर तो देव. ऑथॉरिटी म्हणतात त्याला, जग काही त्यानं केलेलं नाही, तो पहिला देवदूत आणि बाकीच्यांना खोटं सांगितलं की मीच निर्माता. तिसऱ्या भागात तो इतका थकलेला असतो की स्फटिकाच्या पालखीतून लायरा आणि विल, म्हणजे गोष्टीतली मुख्य दोन लेकरं, त्याला दयेनं बाहेर काढतात आणि तो वाऱ्यातच विरून जातो. मला वाईट वाटलं, राग नाही आला. असल्या देवाला मी कधी हात जोडलेच नाहीत. आणि आमच्या जनाबाईनं तर विठोबाला विठ्या म्हणलंय, कारटा म्हणलंय, तुझं मढं गेलं इथपर्यंत बोललीय, ते गाथेत छापलेलं आहे. पण ती भांडते कारण तो तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो. पुलमनकडं भांडावं असा जवळचा देवच नाही, चर्चची माणसं जवळपास सगळी क्रूर नाहीतर भित्री, हे मला शेवटपर्यंत खटकलं.

पण मेलेल्यांच्या जगाचा भाग! तिथल्या हार्पी, म्हणजे बाईचं तोंड असलेली भयानक पाखरं, लायराच्या बनवलेल्या गोष्टीवर तुटून पडतात आणि ती खरं सांगायला लागली की गप बसून ऐकतात. मग ठरतं, प्रत्येक मेलेल्यानं आपल्या जगण्याची खरी गोष्ट सांगायची आणि त्यांनी त्याला बाहेरची वाट दाखवायची, बाहेर आलं की तो जीव आनंदानं हवेत, मातीत, झाडांत मिसळून जातो. आई गेली तेव्हा हे कुणी वाचून दाखवलं असतं तर फार आधार झाला असता. देव न मानणाऱ्या माणसानं लिहिलेलं हे वाचून मी त्या रात्री हरिपाठ म्हणलाय, अगदी मनापासून.

बहिणीला सांगितलं, दे पोरीला. फक्त तिसरा भाग दिवाळीत आली की माझ्यासोबत वाचू दे, ती काय काय विचारते ते मला ऐकायचंय.