‘नहरपेठ’ खुली करताना

कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणारी पेशवेकालीन नहर आणि पेठांमधले हौद यांवरून सुचलेले ‘नहरपेठ’ हे आमच्या रोलप्लेइंग खेळाचे, म्हणजे खेळाडू पात्रे वठवून गोष्ट पुढे नेतात अशा खेळाचे, काल्पनिक जग यंदा आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (आपली निर्मिती इतरांना वापरू देण्यासाठीचे तयार परवाने) बीवाय-एसए ४.० परवान्याखाली खुले केले. ते कोणीही वापरावे, बदलावे, विकावे. मात्र मूळ निर्मात्यांचा उल्लेख करावा आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली द्यावी, एवढीच अट आहे.

परवाना निवडताना २०२३ची घडामोड डोळ्यांपुढे होती. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा, २००० पासून चालत आलेला ओपन गेम लायसन्स हा परवाना बदलण्याचा मसुदा त्या जानेवारीत फुटला आणि त्यावर विसंबलेले लेखक-प्रकाशक धास्तावले. अखेर २७ जानेवारीला त्या खेळाच्या मूलभूत नियमांचा ५.१ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पण म्हणूनच, जे आपले नाही ते त्यात चुकूनही जाता कामा नये.

सर्वाधिक वेळ गेला तो इथे. आमचे नकाशे गटातल्या एका मैत्रिणीने मोबदला न घेता काढलेले असल्यामुळे त्यांचे हक्क तिचेच होते. ते ‘गटाच्या नावावर करून देते’ असे तिने एका ओळीत लिहून देण्याची तयारी दाखवली. परंतु १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. जगभर आणि कायमसाठी द्यायचा परवाना अशा कागदावर उभा राहू शकत नाही. म्हणून हक्क तिच्याकडेच ठेवून, प्रत्येक नकाशा ती स्वतः याच परवान्याखाली देत असल्याचे तिच्याकडून लेखी घेतले.

पात्रांचेही तसेच. बदामी हौदाशी बसून पाण्याचा हिशेब ठेवणारी कारकुनीण आमच्या जगात सर्वांची लाडकी. पण ती रंगवणाऱ्या मित्राला तिची गोष्ट स्वतःकडेच ठेवायची होती. आम्ही तिचे नाव, पूर्वेतिहास आणि संवाद काढले. हौदावर हिशेब ठेवणारे कोणीतरी असते, ही कल्पना मात्र राहू दिली, कारण कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नव्हे.

अक्षरांसाठी ‘मुक्त’ नावाचा, एसआयएल या फॉन्टसाठीच्या खुल्या परवान्याचा फॉन्ट घेतल्याने तो प्रश्न चटकन सुटला. नियमांच्या वर उल्लेखलेल्या ५.१ दस्तऐवजात सांगितलेला श्रेयनिर्देश शेवटच्या पानावर छापला. पीडीएफसोबत साध्या मजकुराच्या आणि नकाशांच्या थरांसहित मूळ फाइलीही दिल्या आहेत, म्हणजे एखाद्या गटाला आमची नहर काढून तिथे पंचगंगा वाहवायची असेल तर नकाशा पहिल्यापासून काढावा लागणार नाही.