निष्काळजी नव्हे

ती आली न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन. हाताला कंप नाही, ताकद पुरेशी, तपासणीत दोष नाही. तरी रोजची कामं जमत नाहीत, म्हणून माझ्याकडे, ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलेली; अडलेली रोजची कामं जमवायला मदत करणं हेच आमचं काम. वय ३१, एका सहकारी बँकेत क्लार्क. कर्जविभागात होती तोवर तक्रार नव्हती. कॅश काउंटरवर बदली झाली आणि रांगेतली माणसं काचेवर टकटक करायला लागली.

सोबत आई होती. शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तकं, सापडेल ते घेऊन या, असं मीच फोनवर सांगितलं होतं. मला शंका होती डिस्प्रॅक्सियाची, म्हणजे हातापायांच्या हालचालींचा मेळ नीट न बसण्याची. वैद्यकीय भाषेतली ही डेव्हलपमेंटल को-ऑर्डिनेशन डिसऑर्डर मोठेपणी अचानक उपटत नाही. निदान करायचं तर लहानपणापासूनच्या खुणा दिसाव्या लागतात. त्यात हालचालींच्या प्रमाणित चाचण्या बहुतेक मुलांसाठी बेतलेल्या. मग अशा जुन्या वह्याच साक्षीला येतात. चौथीच्या वहीत अक्षरं ओळ सोडून घसरलेली, आणि पेन्सिल इतकी दाबून धरलेली की पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागत होतं. खाली बाईंचा लाल शेरा : 'हुशार आहे, पण निष्काळजी.'

मी नोटांच्या आकाराच्या कोऱ्या कागदांचं बंडल तिच्या हातात दिलं आणि मोजायला सांगितलं. सरावलेल्या कॅशियरचा अंगठा आपला आपण चालतो, डोकं फक्त आकडा सांभाळतं. हिला प्रत्येक कागद बघून, पकडून, सरकवावा लागत होता. बोटांचा दाब कधी इतका की दोन कागद एकदम यायचे, कधी इतका कमी की बंडलच पसरायचं. निम्म्यावर आल्यावर मी मुद्दाम विचारलं, "जेवून आलीस का गं?" हात थांबला, आकडाही गेला. तिने कागद नीट जुळवले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. कपाळावर घाम होता, पण सोडलं नाही. निष्काळजी माणूस असं करतो का?

मग एकेक निघत गेलं. नाडीची गाठ अजून आरशात बघून मारते. स्कूटर शिकायचं सोडून दिलं. लग्नात वाढायला उभी राहत नाही, आमटीचं भांडं हातात आलं की पोटात गोळा येतो.

आई म्हणाली, "ओट्याजवळ फिरकू नाही दिलं हो मॅडम हिला. वाटायचं, लक्षच नसतं हिचं."

"आई, मी सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष द्यायचे," ती म्हणाली. आई काही बोलली नाही, वही मांडीवर ओढून घेतली.

शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि त्यातल्या अनेकांना तो मोठेपणीही सोडत नाही. हालचाल सरावाने अंगवळणी पडणं, हीच पायरी त्यांना अवघड जाते. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. मुलं तरी आमच्याकडे येतात. मोठी माणसं धांदरट, आळशी ऐकत आयुष्य काढतात, याचा मला फार राग येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे शिकण्यातल्या ठरावीक अडचणींच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, पण प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीचा रोख मुख्यतः वाचन, लेखन, गणितावर. ही तर गणितात पहिली यायची.

पुढच्या भेटींत आम्ही एकच पद्धत धरली : काय जमवायचं ते तिने ठरवायचं, बेत तिनेच आखायचा, करून बघायचं, कुठे अडलं ते तपासायचं. मी आयतं उत्तर द्यायचं नाही. तोडगा तिनेच काढला. बंडल हातात न धरता टेबलावर ठेवायचं आणि दहा-दहाची थप्पी बाजूला करत जायचं. मध्ये कुणी बोललं तर हातातली थप्पीच तेवढी परत मोजावी लागते.

बँकेला पत्र द्यायचं होतं. परत कर्जविभागात घ्या, असं लिहू का, म्हणून मी तिला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "नोटा मोजायचं मशीन माझ्याच काउंटरवर ठेवा म्हणावं. आणि मी मोजत असताना कुणी हाक मारू नका."

तसंच लिहून दिलं.