सीईटीचं गणित: ५२ वरून ८६

एमएचटी-सीईटी ही इंजिनिअरिंग वगैरेंच्या प्रवेशाची राज्याची परीक्षा. तिच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपमध्ये गणिताचा पेपर १०० मार्कांचा असतो. ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, वेळ ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीत एका प्रश्नाला १ मार्क, त्यामुळे गणितातला एक प्रश्न गेला की तिकडचे दोन गेल्यासारखं होतं. जानेवारीत मॉक टेस्टला मला ५२ पडत होते, शेवटच्या मॉकला ८६ पडले. मधल्या काळात नवीन धडे फारसे केले नाहीत.

आधी तीन मॉकचे चुकलेले सगळे प्रश्न, एकूण ७२, वहीत उतरवून चार खाने केले. मुळात न येणारे १९, फॉर्म्युला न आठवलेले १५, येत असून चुकलेले २२ आणि वेळेअभावी वाचलेच नाहीत असे १६. म्हणजे खरं अज्ञान चौथ्या हिश्श्याच्या आसपास. बाकी सगळी गळती. ही वही न करता आणखी मॉक देत बसणं म्हणजे तेच ५२ पुन्हा पुन्हा मोजणं.

येत असून चुकलेल्या प्रश्नांवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण तिथल्या चुका ठरलेल्या असतात. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स घ्या. २ एक्स स्क्वेअर + ७ एक्सवाय + ३ वाय स्क्वेअर = ० या रेषांमधला कोन विचारलाय. सूत्र: टॅन थीटा = दोन गुणिले (एच स्क्वेअर - एबी)चं वर्गमूळ, भागिले (ए + बी); ए आणि बी हे एक्स स्क्वेअर आणि वाय स्क्वेअरचे गुणक. एक्सवायचा गुणक ७ म्हणजे '२एच', 'एच' नव्हे. एच ७/२ घेतला की वर्गमुळाखाली ४९/४ वजा ६, म्हणजे २५/४ येतं; त्याचं मूळ ५/२, दुप्पट ५, खाली २ + ३ = ५. टॅन थीटा १, कोन ४५ अंश. घाईत एच ७ धरला तर मुळाखाली ४३ येतात. असं बेढब काही आलं की पुढे जायचं नाही, मागे बघायचं. पण चुकीचं उत्तर पर्यायांत दिसलं की मागे बघायची बुद्धीच होत नाही, गोची तिथे आहे.

इन्व्हर्स ट्रिगमध्ये रेंज विसरायची नाही: साइन इन्व्हर्स (साइन २पाय/३) याचं उत्तर पाय/३, कारण रेंज उणे पाय/२ ते पाय/२. प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनमध्ये अज्ञात 'के' काढताना सगळ्या प्रॉबॅबिलिटींची बेरीज १ धरली की बऱ्याचदा वर्गसमीकरण येतं. १० के स्क्वेअर + ९ के - १ = ० ची उत्तरं १/१० आणि -१. प्रॉबॅबिलिटी ऋण नसते, -१ सोडायचं. लॉजिकमध्ये 'पी तर क्यू'चं निगेशन 'पी आणि क्यू नाही' असं होतं. 'पी नाही तर क्यू नाही' हा पर्याय मुद्दाम शेजारी ठेवलेला असतो.

इंटिग्रेशनने माझा वेळ खाल्ला होता. इन्डेफिनिटमध्ये सरळ सोडवण्याआधी पर्यायांकडे बघा. पर्यायाचं डिफरन्शिएशन करून प्रश्नातलं फंक्शन मिळतंय का, हे बऱ्याचदा लवकर कळतं. डेफिनिटमध्ये एक्सच्या जागी (ए + बी - एक्स) (ए, बी म्हणजे खालची-वरची लिमिट) टाकून काम होतंय का, ते पहिल्यांदा तपासा. ० ते पाय/२, वर साइनचा पाचवा घात, खाली साइन आणि कॉसच्या पाचव्या घातांची बेरीज: उत्तर पाय/४, घात कितीही असो. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये सुरुवातीची अट दिली असेल तर ती पर्यायांत घालून बघितली की एक-दोन पर्याय तिथेच गळतात.

सरावाला बालभारतीची बारावीची दोन्ही पुस्तकं पुरतात, हे मला उशिरा कळलं. धड्याच्या शेवटच्या मिसलेनियस एक्सरसाइजमधले पर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवा. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांचे असतात. अकरावी सगळी उकरत बसू नका, पण सर्कल, स्ट्रेट लाइन, कॉम्प्लेक्स नंबर्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन यांना दांडी मारू नका.

वेळेचं गणित असं. एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. पण सगळ्यांना सारखा वेळ देणं हीच मोठी चूक. पहिल्या फेरीत ४० मिनिटांत ५० च्या ५० प्रश्न वाचायचे. वाचताच रस्ता दिसला तर सोडवायचा, नाहीतर रिव्ह्यूला टाकून पुढे. लॉजिक, एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), पेअर ऑफ लाइन्स, बायनॉमिअल यांतले बहुतेक इथेच होतात. दुसऱ्या फेरीला ३५ मिनिटं, लांबलचक आकडेमोडीचे. उरलेल्या १५ मिनिटांपैकी दहा मिनिटं तपासणीला. शेवटची पाच मिनिटं हात न लागलेल्या प्रश्नांना. रिकामा एकही सोडायचा नाही. जेईईत चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, म्हणून तिची सवय लागलेल्यांची बोटं इथे अडखळतात.

आणि मॉक कॉम्प्युटरवरच द्या. छापील पेपरवर आपण प्रश्नातच खुणा करतो. स्क्रीनवर ते जमत नाही, प्रश्न रफ कागदावर उतरवावा लागतो आणि उणे चिन्ह तिथेच पडतं. रफ कागदावर प्रत्येक प्रश्नाचा नंबर घालून त्याच्याभोवती चौकट करायची. तपासताना तोच कागद परत वाचायचा असतो, आणि नंबर नसेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सोडवावं लागतं.