सांबारवडी आणि आईचा आयएनआर

पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी आधीच सांगून टाकतो, आमच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर इडलीसोबतचं सांबार डोक्यात धरून बसाल आणि पुढचं काहीच कळणार नाही.

तर मागच्या डिसेंबरात आईचा आयएनआर १.४ आला. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, आकडा कमी म्हणजे रक्त लवकर गोठतं. तो २ ते ३ च्या मधे हवा असतो. रक्त गोठू नये म्हणून आईला जी गोळी आहे ती एकही चुकली नव्हती, रोज रात्री कॅलेंडरवर टिक मारायचं काम माझ्या मुलीकडे आहे आणि ती त्या बाबतीत एकदम हवालदार आहे. डॉक्टरांनी एकच विचारलं, खाण्यात काही बदल? आई म्हणे काही नाही जी, आपलं वरण भात भाजी पोळी. मग बायकोनं हळूच सांगितलं की मागच्या दहा दिवसांत घरात तीनदा सांबारवड्या झाल्यात, मेथीचे पराठे वेगळे, पालकाची पातळ भाजी वेगळी. हिवाळ्यात बुधवार बाजारात सांबार असा मातीमोल मिळतो की पिशवी भरूनच घरी येतं माणूस. आणि सांबारवडीत सारण म्हणजे नव्वद टक्के सांबारच, मसाला फक्त नावाला. डॉक्टर हसले, पण मला काही हसू आलं नाही, कारण १.२ चा आयएनआर काय करतो ते मी दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी बघितलं होतं.

आईचा त्रास जुना आहे. आर्वीकडच्या खेड्यात लहानपणी तिचे गुडघे सुजायचे, ताप यायचा, आज हा गुडघा तर उद्या तो. आजीनं लेप लावले, बरं वाटलं, विषय संपला. तो ऱ्हुमॅटिक ताप होता हे कळलं थेट लग्नानंतर, जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा. घसा दुखतो, एका जातीच्या जंतूनं, त्याकडे नीट लक्ष दिलं नाही की काही मुलांमध्ये शरीराची स्वतःचीच फौज जंतू सोडून सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर तुटून पडते. डॉक्टर लोकांत एक जुनं वाक्य आहे, हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. आईची डावीकडची मायट्रल झडप अशीच चावली गेली, अरुंद झाली. २००४ साली फुगा टाकून ती मोकळी केली, ऑपरेशन नाही, मांडीतून नळी घालून. बरेच वर्ष छान गेले.

मग ठोके बिघडले. एएफ म्हणतात त्याला, एट्रियल फिब्रिलेशन. तुम्ही आईची नाडी धरून बघा, उन्हाळ्यात नळाला हवा येते ना तशी लागते, फट फट, मग काहीच नाही, मग एकदम दोन. कशाचा कशाला मेळ नाही. होतं असं की अरुंद झडपेतून रक्त ढकलून ढकलून डावीकडचा वरचा कप्पा ताणला जातो, मग तो नीट आकसायचं सोडून नुसता थरथरत राहतो. त्या कप्प्याला बाजूला एक छोटी पिशवी असते, कानाच्या पाळीसारखी. तिथं रक्त साचतं. आणि साचलेलं रक्त गोठतं, एवढं साधं आहे ते. गाठ सुटली की खालच्या कप्प्यातून महाधमनीत, आणि महाधमनीवरून पहिले मोठे रस्ते फुटतात त्यातले काही सरळ मेंदूकडे जातात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे, त्यात दिसलं की साध्या एएफमध्ये स्ट्रोकचा, म्हणजे लकव्याचा, धोका सुमारे ५ पट होतो, आणि ऱ्हुमॅटिक झडप असून एएफ असेल तर १७ पट. सतरा! हा आकडा मी वाचला तो सगळं होऊन गेल्यावर, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून.

कारण तोवर आम्ही घरात फक्त अटॅकला घाबरायचो. छातीत दुखतं का, घाम येतो का, डाव्या हाताला मुंग्या येतात का, एवढंच आईला विचारायचो. हृदयाचा आजार हृदयातच राहील असं गृहीत धरलं होतं. लकवा म्हणजे बीपीवाल्यांचा रोग, आपल्याकडे तो कशाला येतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत चकली खाताना आईची दाढ तुटली. काढावी लागणार होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना, मग पाच दिवस आधी बंद करा, नाहीतर रक्त थांबणार नाही. आईनं केली बंद. कोणालाच विचारलं नाही, हृदयाच्या डॉक्टरला फोन करायचं सुचलंच नाही, दातवाल्यांनी गोळ्यांचं विचारलं तर आईनं बीपीच्या गोळ्या सांगितल्या न मोकळी झाली. दाढ काढल्यावर थोडं रक्त येत होतं म्हणून अजून थांबली, मग भाऊबीज, मग विसरली. सगळे मिळून अकरा दिवस. (नंतर कळलं की एक-दोन दाढा काढायच्या असतील तर बहुतेक वेळा गोळी बंद करावीच लागत नाही, आदल्या दिवशी आयएनआर बघतात, प्रमाणात असला तर काढतात आणि खड्ड्यात नीट टाके देतात, बस.)

रविवार होता. बायकोनं साडेसहाला तिला तुळशीला पाणी घालताना बघितलं. सात दहाला स्वयंपाकघरात कप फुटल्याचा आवाज आला. मी गेलो तर आई ओट्याला टेकून उभी आणि फुटलेल्या कपाकडे बघत होती, जसं काही तो दुसऱ्याच कोणाच्या हातून पडला. मी म्हटलं काय झालं. तिनं काहीतरी सांगितलं, सूर बरोबर होता, शब्द एकही शब्द नव्हता. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. आणि मी काय केलं, तर बीपीचं मशीन शोधलं. त्यात सेल नव्हते. टीव्हीच्या रिमोटमधून काढून टाकले ते मोठे निघाले. तेवढ्यात काकू साखरपाणी घेऊन आल्या, झोपू द्या म्हणाल्या, अशक्तपणा असेल. नशीब की बायकोनं पाणी पाजू दिलं नाही, गिळायची ताकद गेलेली असली तर ते फुप्फुसात जातं. अशी पंचवीस मिनिटं गेली. अजूनही रात्री कधी झोप उडाली की मला ते रिमोटचे सेल आठवतात.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे आमच्या, तो मुलगा शटर उघडत होता, त्यानं गाडीत डोकावून एक नजर टाकली न म्हणाला, भाऊ इथल्या नर्सिंग होमले नका नेऊ, वेळ जाईन, जिथं चोवीस तास सीटी स्कॅन अन् न्यूरोवाला आहे तिथंच न्या सरळ. मानेवाड्याहून धंतोली रविवारी सकाळी वीस मिनिटं. वाटेत फोन करून ठेवला. तिथं पहिला प्रश्न आला तो, शेवटचं एकदम नॉर्मल कोणी, कधी बघितलं? कप कधी फुटला ते नाही, शेवटचं नॉर्मल कधी. साडेसहा. हे घड्याळ फार महत्त्वाचं, कारण गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटीत मेंदूत रक्तस्राव नाही हे बघून. मोठ्या नसेत गाठ अडकली असेल तर नळी घालून ती ओढूनही काढतात, त्याला थोडा जास्त वेळ मिळतो. पण मेंदू थांबत नाही कोणासाठी, दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे.

आयएनआर १.२. डॉक्टर म्हणाले आईनं गोळी नीट घेतली असती तर बहुतेक हे झालंच नसतं, आणि घेतलेली असून झालं असतं तर हे इंजेक्शन आम्हाला देता आलं नसतं, कारण त्यासाठी आयएनआर १.७ च्या वर चालत नाही. म्हणजे गोळी सोडली म्हणून लकवा झाला आणि गोळी सोडली होती म्हणून इंजेक्शन मिळालं. याला काय म्हणावं मला अजून कळलं नाही. आठ पन्नासला सुई लागली. संध्याकाळी आई "पाणी" म्हणाली.

भेटायला येणाऱ्यांचं तर काय सांगू. एका नातेवाइकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, अगदी माणूस पाठवतो म्हणाला. चांगला शिकलेला, पेन्शन खाणारा माणूस.

आता त्या "रक्त पातळ" शब्दाबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की हा शब्दच घात करतो. रक्त पातळ-बितळ काही होत नाही. लिव्हर ज्या गोठवणाऱ्या वस्तू तयार करतं त्यातल्या काहींना व्हिटॅमिन के लागतं, गोळी ते के वापरू देत नाही, म्हणून रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. सांबार, मेथी, पालकात हेच के भरपूर, म्हणून त्या वड्यांनी आयएनआर खाली आला. के हे अक्षरही "कोआग्युलेशन" मधलंच, जर्मनमध्ये ते के नं लिहितात. पातळ म्हटलं की लोकांना वाटतं अशक्तपणा येईल, मग एक दिवस सोडली तर काय बिघडलं. आणि दुसरा घोळ इकोस्प्रिनचा. अ‍ॅस्पिरिन चालू आहे ना मग झालं, असं मी दहा जणांकडून ऐकलं असेल. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटवर काम करतं, चरबी साचलेल्या नसेत जी गाठ होते तिथं ते उपयोगी. थरथरत्या कप्प्यात साचलेल्या रक्ताची गाठ वेगळ्या धाटणीची, तिला अ‍ॅस्पिरिन पुरत नाही.

आणि हे फक्त झडपवाल्यांचं नाही. माझ्या मामाला मोठा अटॅक आला, हृदयाच्या पुढच्या भिंतीचा, पंपिंग ३० टक्क्यांवर आलं. आठवड्यानं इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, टोकाशी गाठ दिसली, भिंत हलतच नव्हती तर रक्त साचणारच. त्याला काही महिने गोळी दिली, पुन्हा इको केला, गाठ गेली, गोळी बंद झाली. त्याचं तसं, आईचं जन्मभर. एकाचं बघून दुसऱ्यानं ठरवायचं नाही.

आईची गोळी एसिट्रोम. वॉरफरिनच्याच घरातली. वॉरफरिनची गोष्ट मी तिला उगाच सांगितली, की अमेरिकेत १९२० च्या सुमारास सडलेला चारा खाऊन गाईगुरं रक्त वाहून मरायला लागली, त्यातून विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी ते द्रव्य शोधलं, त्यावरून वॉरफरिन बनवलं, आधी उंदीर मारायला विकलं आणि मग १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला हार्ट अटॅकनंतर दिलं. आई उठून बसली, "म्हंजे तू मले उंदराचं औषध देऊन राहिला काय रे?" आता आल्यागेल्याला हेच सांगते.

नव्या गोळ्या आहेत, ज्यांना आयएनआर लागत नाही, भाजीचं पथ्य नाही. मी विचारलं होतं. साध्या एएफवाल्यांना त्या बहुतेक वेळा जास्त सोयीच्या. पण ऱ्हुमॅटिक झडप चांगलीच अरुंद असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल तर जुनीच गोळी. २०२२ साली ऱ्हुमॅटिकवाल्यांवरच एक मोठी चाचणी छापून आली, त्यात जुन्या गोळीचे पेशंट नव्या गोळीपेक्षा जास्त जगले. तेव्हा आमचं ठरलेलं, दर महिन्याला आयएनआरसाठी सुई, कॅलेंडरवर एक दिवस २ एक दिवस ३ मिलिग्रॅम. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, पोटात रक्तस्राव होतो. जुलाबाची मेट्रोनिडाझोलसुद्धा विचारून, तिनं आयएनआर उलटा वर उडतो. आणि पर्समध्ये चिठ्ठी, गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली, दातवाल्याला दाखवायला.

सांबारवडीचं काय, तर मला वाटलं डॉक्टर बंदच करतील. ते म्हणाले बंद नका करू, बंद केली तर आयएनआर तिकडे वर जाईल आणि पुन्हा डोस बदला. रोज हिरवं जेवढं खाता तेवढंच खा, बाराही महिने. हिवाळा आला म्हणून तुटून पडू नका आणि उन्हाळ्यात सोडूनही देऊ नका. आईनं लगेच सौदा केला, रविवारी दोन वड्या. डॉक्टर म्हणाले चालेल, पण दर रविवारी.

उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत तिची. वडीची पारी लाटते बायको, सारण भरते आई, आणि घडी घालताना कडा दाबायला गेली की एक बाजू उघडीच राहते, तेलात सांबार सुटतो. मागच्या रविवारी तसंच झालं तर कढईत बघून म्हणे, "बघ, तेवढं कमीच गेलं पोटात, लिहून ठेव तुझ्या वहीत." सोमवारी रिपोर्ट आला, २.३.