आमदारांना पोलिसांबद्दल नेमकं काय मागायचं?

बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की निवेदनांची रीघ लागते. मजकूर ठरलेला: 'अन्याय थांबवावा, दोषींवर कडक कारवाई व्हावी.' आमदार कागद घेतात, फोटो निघतो, कागद पीएच्या पिशवीत जातो. दोष आमदारांचा आहेच, पण थोडा कागदाचाही आहे. ज्या मागणीला तारीख नाही, आकडा नाही, ती टाळायला कुणाला कष्ट पडत नाहीत.

बेळगाव जिल्ह्यात 18 आमदार आहेत आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियम 17 नुसार ते सगळे जिल्हा दक्षता व देखरेख समितीचे सदस्य असतात. अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि समितीत एसपीही. दर तीन महिन्यांनी किमान एक बैठक व्हायलाच हवी. म्हणजे 'आम्ही वर कळवतो' हे उत्तर इथं चालत नाही. एसपींना समोरासमोर विचारायची खुर्ची आमदारांकडे आधीच आहे. तेव्हा पत्रात विचारा: गेल्या 12 महिन्यांत बैठका किती झाल्या, आपण किती बैठकांना हजर होतात? या कायद्याखालचे, 60 दिवसांत दोषारोपपत्र न गेलेले गुन्हे कोणते? प्रत्येकाचा तपास डीवायएसपी किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानंच केला का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तपास पीएसआयनं उरकला असेल तर आरोपीचा वकील कोर्टात पहिलं बोट तिथंच ठेवतो. शिवाय याच कायद्याचं कलम 4: जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. अशा किती शिफारशी झाल्या, तो आकडा मागा. शून्य आला तरी तो लेखी हवा.

दुसरी मागणी कॅमेऱ्यांची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या निकालानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात मुख्य दार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सगळीकडे आवाजासह चित्रण आणि रात्री दिसणारे कॅमेरे हवेत. चित्रण 18 महिने, ते जमलंच नाही तर किमान एक वर्ष टिकलं पाहिजे. 'कॅमेरे आहेत का?' असं विचारू नका, 'आहेत' म्हणून मोकळे होतील. खानापूर, निपाणी, काकती अशी ठाण्यांची नावं घालून विचारा: चालू किती, बंद किती, आज मागितलं तर सर्वात जुनं चित्रण कोणत्या तारखेचं मिळेल?

जुलै 2014 मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावच्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून झालेला लाठीमार सीमाभागात कुणी विसरलेलं नाही. पण अशा वेळी पोलिसांविरुद्ध तक्रार पोलिसांकडेच न्यावी लागू नये, म्हणूनच 2006 च्या प्रकाश सिंह निकालात राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण सांगितलं आहे. त्या निकालानुसार जिल्ह्याचं प्राधिकरण डीवायएसपीपर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी, अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश. कर्नाटकानं 2012 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून प्राधिकरणं आणली. आमदारांना विचारायचं ते असं: बेळगावच्या प्राधिकरणावर आज कोण आहेत, सेवेतला पोलीस अधिकारी त्यात बसतो का, आणि वर्षभरातल्या तक्रारींपैकी किती निकाली निघाल्या?

आता भाषेचं. 'कन्नडमध्ये लिहून आणा' म्हणून मराठी अर्ज परत केला जात असेल, तर राज्यघटनेचं कलम 350 दाखवा. गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. अटकेची कारणं अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला गेला तर सहीआधी तो वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि प्रत फुकट मिळते. आमचा सल्ला असा: सहीखाली स्वतःच्या हातानं 'मराठीत वाचून सांगितले' किंवा 'सांगितले नाही' एवढं लिहाच. आमदारांकडे मागणी एकच, प्रत्येक ठाण्यात मराठी जाणणारा एक कर्मचारी, दोन्ही पाळ्यांना.

माहिती अधिकारात मात्र गफलत करू नका. तिथं कलम 350 नाही चालत. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये. कर्नाटकाच्या नियमांनुसार 150 शब्द, एका अर्जात एकच विषय, शुल्क 10 रुपये. कॅमेरे आणि समितीच्या बैठका एकाच अर्जात कोंबल्या की तो परत येतो. दोन अर्ज करा. उत्तराला 30 दिवस लागतात, म्हणून अधिवेशनाच्या दोन महिने आधी टाका. मिळालेलं उत्तर आमदारांच्या पत्राला जोडा आणि पत्र महिनाभर आधी पोचवा, कारण सभागृहात प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.