गाडी उभी दिसली की मागे फिरायचं

पहाटेचे साडेचार. खडीचा रस्ता जिथे संपतो तिथे चार गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढी मोकळी जागा आहे. आमच्या दिव्यांच्या उजेडात तिथे एक जुना पिकअप ट्रक दिसला. आत कुणी नव्हतं. आजोबांनी दिवे मंद केले, गाडी मागे घेतली आणि आलो त्याच रस्त्याला परत लागले.

"पण काल संध्याकाळी त्या नर टर्कीला आपण ऐकलंय की! कुठल्या झाडावर बसलाय तेही माहीत आहे," मी म्हणाले.

"त्यांनीही ऐकलं असेल. आणि ते आधी आलेत," एवढंच बोलून ते गप्प झाले.

मला वाईट वाटलं. आदल्या दिवशी दुपारपासून आम्ही त्याच जागेसाठी धडपडलो होतो. मात्र आजोबांच्या चेहऱ्यावर नाराजीचा लवलेश नव्हता. भरलेलं देऊळ बघून बाहेर थांबावं, तितक्या सहज ते मागे फिरले होते.

हे आजोबा म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुईसमधले आमचे शेजारी. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. माझी मुलगी त्यांना 'टर्की आजोबा' म्हणते आणि तिचं ऐकून आमच्या घरात तेच नाव पडलं. दर वसंतात ते मिसूरी राज्याच्या दक्षिणेकडच्या, ओझार्कच्या डोंगराळ भागात रानटर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीला जातात. मी अमरावतीची. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही जुन्या लोकांच्या गोष्टींत उरली, त्यामुळे बंदूक घेऊन जंगलात जाणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात अढी होती. तरी लहानपणी बाबांबरोबर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेत भाग घेतला होता. ती रात्र अजून अंगावर आहे. आजोबांना ती गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग तुला गप्प बसता येत असणार. चल एकदा." गेल्या एप्रिलमध्ये गेले. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा; मी नुसती बघणारी.

आम्ही पोटोसी नावाच्या छोट्या गावात मुक्काम केला. शिशाच्या खाणींमुळे वसलेलं हे गाव. टेक्ससच्या इतिहासात ज्याचं नाव सतत येतं त्या स्टीफन ऑस्टिनच्या वडिलांची, मोझेस ऑस्टिनची कबर इथे आहे. गावाच्या आसपास मार्क ट्वेन राष्ट्रीय वनाचे तुकडे पसरलेत. हे वन 1939 साली स्थापन झालं, क्षेत्र सुमारे 15 लाख एकर, 29 काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये विखुरलेलं. लाकूड कंपन्यांनी पाइन तोडून ओसाड केलेल्या जमिनीवर ते पुन्हा उभं राहिलं. जंगल तुटलं आणि शिकारीला धरबंध उरला नाही, तेव्हा टर्कीही जवळजवळ संपली होती. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या मिसूरीत अडीच हजारांहून कमी पक्षी उरले होते. आधी पाळीव पैदाशीचे पक्षी सोडून पाहिले, ते जगले नाहीत. मग 1954 पासून तोफेसारख्या यंत्रांनी जाळी उडवून रानातलेच पक्षी पकडले आणि रिकाम्या जंगलांत नेऊन सोडले. 1960 साली 14 काउंट्यांत तीन दिवसांचा पहिला हंगाम उघडला तेव्हा साऱ्या राज्यात मिळून 94 पक्षी मारले गेले. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसं यांवर 11 टक्के कर आहे आणि 1937 च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. माझी अढी या माहितीने पूर्ण गेली असं नाही. थोडी सैल मात्र झाली.

आता मुद्द्याचं. हे वन सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने कुठेही जावं, कुठल्याही झाडाखाली बसावं. कायदा सांगतो की शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून; सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकला बंद. मारायचा तो नर, किंवा छातीवर केसांचा झुपका, ज्याला दाढी म्हणतात, तो स्पष्ट दिसणारा पक्षी. आमिषाला दाणे टाकायचे नाहीत, यंत्रावर आवाज वाजवायचे नाहीत. पण दुसऱ्याची गाडी उभी असेल तर परत फिरा, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही त्या ट्रकशेजारी गाडी लावून त्याच टेकडीवर चढलो असतो तर कोणी आम्हाला अडवू शकलं नसतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच टेकडीवर गेलो होतो ते फक्त ऐकायला. टर्की रात्री झाडावर मुक्काम करते. अंधार पडताना शिकारी घुबडाचा आवाज काढतो आणि झाडावरचा नर चिडून घशातून 'गॉबल' करतो. म्हणजे पहाटे कुठे बसायचं ते कळतं. आजोबांनी तोंडाशी हात धरून आठ सुरांची हाक दिली, आणि समोरच्या उतारावरून जे उत्तर आलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. कोंबड्याची बांग आणि गडगडाट एकत्र झाल्यासारखा तो आवाज. आजोबांनी दुसरी हाक दिली नाही. "एकदा कळलं, बास. उगाच सतावायचं नाही," ते म्हणाले.

मोटेलवर परत आल्यावर त्यांनी माझं सामान तपासलं. लाल रुमाल काढून ठेवायला लावला. पांढरे मोजे बदलायला लावले. पाण्याची निळी बाटलीही बाजूला गेली. वसंतात नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं होतं. झुडपाआडून यातला एखादा रंग हलताना दिसला की घाईतल्या माणसाला तो पक्षी वाटू शकतो. दोन शिकारी, दोघेही डोक्यापासून पायापर्यंत पानांच्या रंगाचे कपडे घालून निश्चल बसलेले, आणि दोघांच्या तोंडून मादीचा आवाज. अशा जंगलात दुसरा माणूस दिसत नाही, तो आहे असं धरूनच चालावं लागतं. यातला प्रत्येक रिवाज इथून सुरू होतो असं मला वाटतं.

आजोबांनी मला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. टर्कीच्या आवाजाच्या दिशेने चोरपावलांनी कधीही जायचं नाही, कारण तो आवाज माणूस काढत असेल. बसायचं ते आपल्या खांद्यांहून रुंद झाडाला पाठ टेकून. आणि दुसरा शिकारी जवळ येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच काढायचा नाही. स्वच्छ माणसाच्या आवाजात मोठ्याने बोलायचं. "पक्षी उडून जाईल," मी म्हटलं. "जाऊ दे." एकदा ते झाडाखाली बसून मादीची हाक देत असताना एक तरुण त्यांच्याच आवाजावर दबकत आला होता. आजोबा जोरात बोलले, तेव्हा बंदूक अर्धी वर आली होती. यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तर ट्रक दिसल्यावर आम्ही सुमारे तीन मैलांवरच्या दुसऱ्या जागी गेलो. तिथे गाडी नव्हती. आजोबांनी कडेला, दुसऱ्याला जागा राहील अशी गाडी लावली आणि आम्ही ओढ्याकाठच्या पायवाटेने आत शिरलो. विजेरी लावून. मला वाटलं होतं अंधारातच चालू, पण चालताना आपण दिसलं पाहिजे हाही नियमच. आजोबांच्या डोक्यावर भडक नारिंगी टोपी होती. बसल्यावरच ती काढली.

ओकच्या बुंध्याला टेकून आम्ही बसलो. रातव्याचा इथला भाऊबंद एकाच लयीत ओरडत होता. उजाडू लागलं तसे डॉगवूडचे पांढरे गुच्छ अंधारातून एकेक करून वर आले. झाड दिसत नाही, नुसती फुलं तरंगतात. मग खऱ्या घुबडाने हाक दिली आणि डावीकडच्या डोंगरसोंडेवरून एक नर गर्जला.

आजोबांनी खिशातून वाटोळी पाटी काढली. खरंच पाटी! आपण शाळेत जिच्यावर अक्षरं गिरवली त्याच दगडाची, तळहाताएवढी. तिच्यावर लाकडी काडी घासली की मादीची साद निघते. निसर्गात नर झाडावरून गर्जतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी हा क्रम उलटा करायला बघतो: मादी जागची हलत नाही, नरानेच यायचं. त्याची नजर इतकी तीक्ष्ण असते की पापणी हललेलीही चुकत नाही असं आजोबा म्हणतात. आणि छऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला साधारण 40 यार्ड. तेवढ्या जवळ तो आपल्या पायांनी आला पाहिजे.

तीन सादा. नराने तिसरीला उत्तर दिलं. फांदीवरून उतरल्याचा पंखांचा दणका ऐकू आला. पुढची गर्जना जवळून आली आणि माझे कान गरम झाले.

तेवढ्यात सोंडेच्या पलीकडून दुसऱ्या मादीची साद आली. नर थांबला, तिकडे वळून गर्जला. पुन्हा तीच साद. आजोबांनी मान किंचित तिरकी करून बराच वेळ ऐकलं, मग माझ्या कानाशी पुटपुटले, "माणूस आहे." कसं ओळखलं ते नंतर सांगितलं: खरी मादी चालता चालता बोलते, आवाज सरकत राहतो, पाचोळा वाजतो. हा आवाज एका जागी रुतलेला होता.

पलीकडून दुसरी वाट वर येते, त्या वाटेने कोणीतरी आमच्याही आधी येऊन बसलं असणार. नर आता दोघांच्या मधे. आजोबांनी अजून जोरात पाटी घासली असती तर तो कदाचित आमच्याकडे वळला असता. तशी चढाओढ लावणारे असतातही. आजोबांनी पाटी मांडीवरून उचलली, पालथी केली आणि खिशात ठेवली.

पुढची वीस मिनिटं आम्ही काहीही केलं नाही. उठून निघून जाणंही बरोबर नव्हतं. आमच्या हालचालीने पक्षी बुजला असता. नराचा आवाज दूर गेला, मग बंद झाला. मला विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पातली सकाळ आठवली. वाघीण रस्ता ओलांडायला थांबली होती आणि आमच्यासकट अकरा जिप्स्या एकमेकींना रेटत तिच्या वाटेत उभ्या होत्या. आमच्या गाडीतलंही कोणी "मागे घ्या" म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या ओकखाली बसून मला त्याची खरोखर लाज वाटली.

एकच बार झाला. डोंगरात घुमला आणि विरला. आजोबा हसले, अगदी मनापासून. तिकडे बघायला जायचं का, मी खुणेने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते क्षण ज्याचे त्याचे असतात, शिवाय भरलेल्या बंदुकीच्या दिशेने कोणी जात नाही.

आठच्या सुमाराला नारिंगी टोपी घालून आम्ही उतरलो. वाटेत पाचोळ्यातून डोकावणारे मोरेल, इथले नावाजलेले रानअळंबे, दिसले. आजोबांनी पाचसहा खुडले. ओढ्याशी एक बाई आणि तिची तेरा-चौदा वर्षांची मुलगी भेटली. मुलीच्या खांद्यावर नारिंगी कापडात पूर्ण गुंडाळलेला पक्षी. उघडा नर खांद्यावर टाकून जंगलातून चालणं म्हणजे कुणाच्या तरी बंदुकीला बोलावणं. तिचा हा पहिला नर. तिने कापड उघडून दाखवला: तांब्याची, हिरवी, जांभळी झाक असलेली पिसं, जाड पाय, पायामागे नखाएवढा टोकदार काटा. सुंदर होता. मेलेला होता, याचंही वाईट वाटलं. दोन्ही खरं.

"ती पाटी तुमची होती का?" मुलीने आजोबांना विचारलं.

"हो."

"तुम्ही थांबलात."

"तू छान बोलावत होतीस," आजोबा म्हणाले. तिच्या आईने काही न बोलता त्यांचा हात हातात घेतला. मग मुलीला आठवण केली की रात्री दहाच्या आत शिकारीची नोंद करायची आहे, आणि त्या दोघी पलीकडच्या वाटेला लागल्या.

गाडीत बसल्यावर आजोबांनी पाटी माझ्या हातात दिली. पहिल्यांदा नुसतं खरखरलं. "दाबू नकोस. लिहितेस तशी धर." मी काडी पेन्सिलीसारखी तिरकी धरली, 'ग' गिरवतात तसा छोटा गोल काढला आणि पाटीतून खरीखुरी मादी बोलली! मी हरखून खिडकीची काच खाली घेतली, पुन्हा घासणार तोच आजोबांनी हात आडवा धरला.

"इथे नको. रस्त्यावरून कधीच नाही. एखादा नर उत्तर देईल, गाडी बघेल आणि शहाणा होईल. उद्या त्याच्यासाठी कुणीतरी पहाटे तीनला उठणार आहे."

मी काच वर घेतली. पोटोसी येईपर्यंत पाटी मांडीवर धरून बसले.